पालखीचा खांदा आणि बाळंतिणीचं तेल

आधीच सांगून टाकतो, मी केलं त्यात काहीही वावगं नव्हतं. आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या आळीत, अजूनही मला बघून लोक पदराआड हसतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना तर पदरही नाही. हसोत बापडे. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, आणि तेही पुढच्या दारानं.

गोष्ट माझ्या उजव्या खांद्याची. मी शिवदास, सुर्ल्याच्या एका खाणीवर टाइमकीपर. कोण किती वाजता आला आणि किती वाजता सटकला, एवढं लिहायचं. या नोकरीत खांद्याचा उपयोग फक्त उडवण्यापुरता. पण आमच्या ग्रामदेवी सातेरीच्या जत्रेत पालखीचा पुढचा उजवा खांदा सव्वीस वर्षं माझ्या वडिलांकडे होता. ते गेल्यावर देवस्थान समितीनं माझ्याकडे वरून खाली एकदा पाहिलं (बघण्यासारखं फार नव्हतं, लगेच आटोपलं) आणि माझ्या हातात अब्दागीर दिला. पालखीच्या बाजूनं ते मोठं झालरीचं पान उंच धरून चालायचं, एवढंच काम. असं मी अठरा वर्षं चाललो. मग कोंकणीला राजभाषेचा मान मिळाला, गोव्याला घटकराज्य मिळालं आणि पुढच्या वर्षी मला पालखीचा खांदा मिळाला. तिन्ही गोष्टींसाठी भांडणं सारखीच झाली होती.

समितीचे अध्यक्ष यशवंतबाब. त्यांना तो खांदा आपल्या भाच्याला द्यायचा होता. भाचा रोज सकाळी दंडबैठका काढायचा आणि उघड्या अंगानं देवळासमोरून जायचा. शेवटी माझं नाव जाहीर करावं लागलं तेव्हा यशवंतबाबांनी विचारलं, "शिवदासबाब, खांदो घट आसा मरे?" मी म्हटलं, लोखंड आहे.

आता लोखंड म्हटल्यावर ते एकदा तपासून बघावं, असं मला वाटलं. चूक म्हणायचीच असेल तर ती एवढीच. जत्रेला दहा दिवस होते. मी परसात एक वासा घेतला, त्याच्या दोन्ही टोकांना भाताची दोन पोती बांधली आणि वासा खांद्यावर घेऊन फणसाभोवती फेऱ्या मारू लागलो. तोंडानं ताशाही वाजवत होतो. तिसऱ्या फेरीला खांद्यात कट्‌ झालं आणि पोती, वासा, ताशा सगळं एकदम खाली आलं. त्यानंतर माझा हात कानाच्या वर जाईना. भांग पाडता येईना (तसा भांगही आता नावापुरताच).

डिचोलीला डॉक्टरकडे जाणं शक्य नव्हतं. त्यांचा कंपाउंडर यशवंतबाबांचा मेहुणा. मी दवाखान्याची पायरी उतरायच्या आत खांदा भाच्याकडे गेला असता. तेव्हा मी ठरवलं, मालीश करून घ्यायचं आणि तेही घरी. चार भिंतींच्या आत कोण बघतो? घरी करून घेतलेलं मालीश गुपित राहतं, हा त्या बाबतीतला पहिला गैरसमज. तो माझाच होता.

आमच्या पंचक्रोशीत मालीश करणारं माणूस एकच, रुक्मिणीमावशी. ऐंशीच्या आसपास, मनगटं मुसळासारखी. ती वैजीण, म्हणजे तुमच्याकडची सुईण. बाळ आणि बाळंतीण यांना दहा दिवस चोळून काढायचं हे तिचं काम. बायकोला, म्हणजे पद्मावतीला, मी बेत सांगितला तेव्हा ती म्हणाली, "बघा बुवा." एवढ्या वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी एकदा जरी मनावर घेतले असते तर आज मी खाणीचा मॅनेजर असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली. सदरा काढायला मी जरा लाजलो, तर म्हणाली, "तुका पांचव्या दिसा चोळिल्लो तो हांवेंच. आतां कसली लज?" आणि तिनं मला चटईवर पालथा घातला. मालीश म्हणजे सुख, डोळे मिटून पडायचं आणि हलकेच झोप लागायची, हा दुसरा गैरसमज. मावशीनं लसूण घालून कढवलेलं खोबरेल खांद्यावर ओतलं आणि मला पिठाचा गोळा समजून कामाला सुरुवात केली. मी 'आई गं' म्हणून ओरडलो. ती म्हणाली, तेव्हाही असाच ओरडायचास.

मालीश झाल्यावर सदरा शोधू लागलो, तर मावशीनं अडवलं. आधी भाणातलं, म्हणजे न्हाणीतल्या तांब्याच्या हंड्यातलं, कढत पाणी अंगावर. मग ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. मग डोक्याला घट्ट फडकं, कानांत कापूस, पंखा बंद, आंबट बंद, सकाळी हळिवाची खीर आणि दुपारी मेथीचा लाडू. मी म्हटलं, मावशी, माझा फक्त खांदा दुखतोय. तिनं सांगितलं की तिला नेम एकच येतो आणि तो दहा दिवसांचा आहे, मधे तोडला तर अंगात वारा भरतो. मी मागच्या दारानं यायची विनंती केली, तर तिला रागच आला. "मागल्या दारान हांव केन्नाच कोणागेर वचूंक ना," ती म्हणाली. तेलाची तांब्याची कासंडी हातात धरून ती रोज भर रस्त्यानं आली आणि भर रस्त्यानं गेली.

आता आमच्याकडे रुक्मिणीमावशी कासंडी घेऊन एखाद्या घरात शिरली की त्याचा अर्थ एकच होतो. सकाळी सायकलवरून उंडे, म्हणजे गोल पाव, विकणाऱ्या पोदेरानं तिला पहिल्या दिवशी पाहिलं आणि पावांबरोबर ती बातमी घरोघर दिली. त्या वर्षी आमच्या वाड्यात कोणाचं कोणाशी पटत नव्हतं. मराठीवाले कोंकणीवाल्यांच्या दुकानात चहा पीत नव्हते. पण शिवदासाच्या घरी बाळ झालं, यावर दोन्ही बाजूंचं ताबडतोब एकमत झालं.

तिसऱ्या दिवशी समोरच्या कमलाक्षीवहिनी टोपडं आणि दुपटं घेऊन आल्या. "वैनी, चलो काय चली?" त्यांनी विचारलं. मुलगा की मुलगी. पद्मावती म्हणाली, कोणाला? वहिनी समजुतीनं हसल्या. घरात मेथीचा वास, ओव्याचा धूर आणि आतल्या खोलीतून कोणीतरी कण्हतंय. (मी. मावशी खुब्यापर्यंत पोचली होती. खांद्याचं मूळ तिथं असतं म्हणे.) आमची एकुलती एक मुलगी सेजल वास्कोला दिलेली. लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. वहिनींनी सगळं जुळवलं आणि टोपडं ठेवून गेल्या.

चौथ्या दिवशी यशवंतबाब आले. ओसरीवर बसले, पण पाण्याला शिवले नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाळंतपण म्हणजे सोयर आलं, आणि सोयरातल्या माणसाला देवळात पाऊल टाकता येत नाही, मग पालखी कुठली? यशवंतबाब फार गोड आवाजात म्हणाले, मुलगी बाळंत झाली असेल तर तुम्हाला तीनच दिवस, ते आज फिटतीलच. जत्रेला अजून पाच दिवस आहेत. तेव्हा सेजलच ना?

वाचकहो, तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? नाही म्हटलं तर मालीश कोणाला, हे सांगावं लागणार. सांगितलं तर खांदा गेला. मी फक्त मान हलवली. ती खाली-वर हलली की आडवी, हे मी आजही सांगणार नाही. यशवंतबाब मात्र समाधानानं उठले.

सहाव्या दिवशी कदंबच्या बसमधून सेजल उतरली. एका ट्रक ड्रायव्हरनं बातमी बंदरापर्यंत नेली होती, आणि वास्कोच्या बाजारात चार बायकांनी तिच्या सासूचं अभिनंदन केलं होतं. सासूनं सुनेकडे पाहिलं, सून समोर उभी राहून मासे साफ करत होती, आणि मग सासूनंच तिला खरं काय ते बघायला पाठवलं. सेजल हातात बॅग घेऊन, कमरेला पदर खोचून, बसस्टॉपपासून घरापर्यंत सगळ्या वाड्यासमोरून ताठ चालत आली. ओसरीवर डोक्याला फडकं बांधून मी खीर खात बसलो होतो. "बाबा, म्हजें बाळ खंय आसा?" तिनं विचारलं आणि तिथंच बसून हसू लागली.

मीही हसलो. पद्मावती हसली नाही, कारण तिला जे कळलं ते आम्हा बापलेकींना कळायला थोडा वेळ लागला. सेजल बाळंत नाही, हे आता वाड्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मावशी तर रोज येतच होती. मग त्या घरात बाई उरली कोण? पद्मावतीचं वय तेव्हा शेहेचाळीस. तिसऱ्या दिवशी ती धडधाकट समोर उभी होती, हे खुद्द कमलाक्षीवहिनीही विसरल्या. संध्याकाळपर्यंत तीन दिवसांच्या सोयराचं दहा दिवसांचं झालं, आणि दहावा दिवस जत्रा उलटल्यावर येत होता. भाचा त्या संध्याकाळी देवळासमोरून दोनदा गेला.

पद्मावती चुलीपाशी गेली आणि पाठ फिरवूनच बोलली. "तुमी खांदो सांबाळात. हांवें तोंड खंय दाखोवचें?" आवाज चढला नव्हता, पण सांडशी हातात तशीच राहिली होती. उद्या देवळात जाऊन खरं बोलला नाहीत तर नार्व्याला भावाकडे जाईन, असंही ती म्हणाली. मला खूप वाईट वाटलं. अठरा वर्षं मी तो खांदा मागत होतो आणि तेवढी वर्षं ही बाई प्रत्येक जत्रेला माझा सदरा कडक इस्त्री करून देत होती, अब्दागीर धरायला. खांदा गेला तर जाऊ दे, असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं. आणि तसं वाटल्याबरोबर माझ्या अंगात भलतंच बळ आलं.

सातव्या दिवशी सकाळी समिती देवळाच्या चौकात जमली होती. मी पायरीच्या खाली उभा राहिलो. डोक्याला फडकं, कानांत कापूस (मावशी काढू देईना), अंगाला तेलाचा वास, आणि शेजारी खुद्द मावशी, कासंडीसकट. मी मोठ्यानं म्हटलं, "यशवंतबाब, आमच्या घरांत बाळंतीण एकूच, आनी ती हांव."

लोक किती हसले ते मला कळलं नाही. कापसाचा तेवढा फायदा झाला. पण थांबलो नाही. सगळं सांगितलं, वासा, पोती, ताशा, कंपाउंडर, मान हलवल्याचंसुद्धा. म्हटलं, मी खोटा वागलो ते भीतीनं. पण पुरुषानं घरी तेल लावून घेतलं यात शरम कसली? खाणीवर दिवसभर ट्रक भरणाऱ्यांचे खांदे दुखत नाहीत? त्यांना मालीश लागत नाही? ते काय फक्त बाळंतिणीचं, लाडावलेल्यांचं, नाहीतर मरणपंथाला लागलेल्याचंच असतं? बोलता बोलता माझा उजवा हात आपोआप वर गेला, कानाच्याही वर. सगळ्यांत जास्त आश्चर्य मला वाटलं.

यशवंतबाबांनी हसू आवरलं आणि नेमकं तेच काढलं ज्याची मला भीती होती. सोयर नाही हे उत्तम, पण चोळावा लागलेला खांदा पालखीला कसा चालेल? त्यावर मावशी एक पायरी चढून वर गेली. "ह्या देवळांतल्या सगळ्यांचे खांदे हांवेंच चोळल्यात," ती म्हणाली. "चोळिल्लो खांदो चलना जाल्यार पालखी कोण व्हरतलो?" मग ती एकेकाकडे बोट दाखवून कोण किती रडायचा आणि कोणी तिच्या लुगड्यावर काय केलं होतं ते सांगू लागली. अध्यक्षांचा नंबर तिसरा होता. दुसऱ्यावरच त्यांनी सभा आटोपती घेतली.

पालखी मलाच मिळाली. फक्त यशवंतबाबांनी आपला मान राखायला एक अट घातली, उजवा खांदा अजून कच्चा आहे, तेव्हा या वर्षी डावी बाजू घ्यावी. मी म्हटलं, डावाही माझाच आहे, कुठून उसना आणलेला नाही. आणि नवव्या दिवशी मी डाव्या खांद्यावर देवी घेऊन सगळ्या वाड्यातून फिरलो. दारोदारी बायकांनी आमच्या पायांवर पाणी घातलं. आमच्या दारात पद्मावतीनं पाणी घालताना मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि वडिलांना सव्वीस वर्षं काय मिळत होतं ते मला समजलं. मी एकदाही खांदा बदलला नाही. भाचा अब्दागीर धरून शेजारून चालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायला गेलो तो उठताच येईना. डावा हात कमरेच्या वर येईना. ज्या खांद्यानं कधी सराव केला नव्हता, त्यानं चार तासांत अठरा वर्षांचं काम केलं होतं. पद्मावतीनं विचारलं, आता डॉक्टर का? मी म्हटलं, मुळीच नाही. मावशीला बोलाव, आणि पुढच्या दारानं.

मावशी कासंडी घेऊन आली. रस्त्यातच कमलाक्षीवहिनींनी तिला गाठून विचारलं आणि मावशीनं सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की शिवदासाचं हे दुसरं बाळंतपण, पहिल्यापेक्षा जड जाणार. वहिनी तडक घरात गेल्या. दुपारी त्या नवीन टोपडं घेऊन आल्या, या वेळी मोठ्या मापाचं, बंदांसकट.

मी ते बाणेदारपणे नाकारणार होतो. पण डावा हात वर जात नव्हता आणि उजव्यात मेथीचा लाडू होता, त्यामुळे पद्मावतीनंच माझ्या डोक्यावर ते चढवलं आणि हनुवटीखाली बंद बांधले. बरोबर बसलं.