पियानोच्या बाईंनी तिसरे पान सर केले त्याची हकीकत

जुने शालेय वर्ष सरले आणि नवे अद्याप लागले नाही, त्या मधल्या बेवारशी मुदतीत पियानोच्या बाईंनी जातीने स्वारी करून जो अवघड मुलूख काबीज केला, त्याचे वर्तमान यथास्थित लिहिले असे. पदरचे घातले नाही. जेथे फत्ते तेथे फत्ते आणि जेथे सूर चुकला तेथे चुकलाच लिहिला असे.

बाईंचे संस्थान म्हणजे घरातील रस्त्याकडील खोली. तीत एक उभा पियानो, दोन स्टुले आणि एक पेन्सिल, इतका सरंजाम. सालभर शाळा सुटताच मुलांच्या टोळ्या चाल करून येत, आणि चपला दाराशी सांडीत, आणि मग एकेकाने स्टुलावर बसून हल्ला चढवावा. बाईंचा शिरस्ता ऐसा की, मूल अडखळले की हात वर करून थांबवावे, आणि पेन्सिलीने चुकीभोवती गोल काढावा, आणि मग तीच ओळ आपण वाजवावी, आधी मुलाने कैसी वाजविली ती, मग कैसी वाजवावी ती, आणि शेवटी हुकूम सोडावा, "परत!"

दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलास एक लांबलचक नाचाची गत नेमून दिलेली असे. गत तीन पानांची. परंतु परीक्षेस पहिलेच पान विचारीत, याजमुळे पुढील दोन पानांच्या वाटेस कोणी जात नसे. कित्येक पिढ्या पहिल्या पानावर लढल्या आणि प्रमाणपत्रे घेऊन माघारी गेल्या.

वर्षअखेरीस एका मुलीची आई, जी दातांची डॉक्टर, ती मुलीस न्यावयास आली आणि जाता जाता सहज पुसती झाली, "बाई, एक विचारू? तुम्ही स्वतः वाजवता का हो? म्हणजे असं... पूर्ण काहीतरी?"

"वाजवते की," ऐसे बाई हसून बोलिल्या.

दार लावले आणि हसू मावळले. एखादी गत अथपासून इतिपर्यंत आपण शेवटची कधी वाजविली, हे बाईंनी स्मरून पाहिले, आणि स्मरेना. सारा जन्म चार-चार ओळींचा झाला होता. दाढ काढणाऱ्या बाईने भूल न देताच मुळावर बोट ठेविले होते.

त्याउपरि सुट्टी सरत आली तेव्हा बाईंनी घरात जाहीर केले की, सोमवारी वर्ग उघडावयाचा, त्यापूर्वी ती नाचाची गत तिन्ही पाने न थांबता वाजवीन. न जमल्यास वर्ग उघडणार नाही, मुलांनी दुसरे गुरू पाहावेत.

यजमान, जे स्वयंपाकघराचे सुभे सांभाळीत होते, ते बाहेर आले. "अगं, काहीतरीच काय! सगळ्या मुलांनी यायचं कबूल केलंय."

"मुलं येतील हो. मला आधी मी येते का ते बघू दे."

मग मोहीम सुरू जाहली. पहिला अडथळा पियानोवरच होता. सुट्टी लागताच बाईंनी त्यावर आच्छादन घातले होते, आणि घराने त्यास मेज समजून दस्त केले होते. यजमानांचे इस्त्रीचे कपडे, सासूबाईंच्या लोकरीचे गुंडे आणि विणावयाच्या सुया ऐसी छावणी पडली होती. कपडे निमूट हटले. सासूबाईंनी मात्र हरकत घेतली.

"तिथे उजेड चांगला येतो," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझी सुट्टी आहे ना?"

"आई, खुर्ची इथेच राहू दे. लोकर तेवढी मांडीवर घ्या."

या अटींवर तह जाहला आणि झाकण उघडिले.

पहिली चाल बाईंनी मोठ्या डौलाने केली, आणि चौथ्या ओळीस हात नको त्या पट्टीवर पडला. चूक ओळखीची निघाली. ती दातांच्या डॉक्टरांच्या लेकीची होती. बाईंनी "तू असं वाजवतेस" म्हणून इतक्या वेळा वाजवून दाखविली की आता ती बाईंच्याच बोटी वतन करून बसली होती. पुढील ओळ अकारण धावत सुटली. ती 'आगगाडी' नावाने मशहूर असलेल्या मुलाची. त्याखालच्या ओळीस डावा खांदा कानाला जाऊन भिडला. तो खांदा कोणाचा हे बाईंस आठवले देखील नाही. जन्मभर ज्यांस शिकविले त्या साऱ्यांनी आत ठाणी घातली होती. मग बाईंचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला, आणि तोंडून शब्द सुटला, "परत!"

"अंगठा खालून घे!" यजमान कांदा चिरता चिरता आतून गरजले. कित्येक सालांच्या सवयीने त्यांसही भान राहिले नव्हते.

ऐसी माघार पुन्हा पुन्हा जाहली. कधी दुसऱ्या पानाचा उंबरठा दिसे, आणि मग हात थांबे, आणि गोल काढावा, आणि आरंभापासून चाल करावी. शनिवारी बाईंनी झाकण आपटून बंद केले आणि मुलांस कळवावयाचा मजकूर मनात जुळवू लागल्या.

सासूबाईंनी सुया थांबविल्या. "तू थांबतेस कशाला गं?"

"चुकलं म्हणून."

"आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून कुणी पुन्हा डाळ निवडायला बसतं का? पुढे जायचं."

"आई, पण चूक तशीच राहते ना मागे."

"राहू दे की. तू पुढे गेलीस की ती एकटी काय करणार आहे?"

ही मसलत बाईंस मानवली. त्यांनी पेन्सिल सासूबाईंच्या हवाली केली. सासूबाईंनी ती अंबाड्यात खोचून ठेविली. फोन मुका केला. आणि रविवारी दुपारी, यजमान फोडणीस उभे असता, बाईंनी निकराची चाल केली.

चौथ्या ओळीस सूर बरोबर लागला, आणि आतून यजमान ओरडले, "चुकलं बघ ते!" कारण त्यांच्या कानांस आजवर चुकीचाच सूर खरा म्हणून ठाऊक होता. बाई थांबल्या नाहीत. आगगाडी सुटू पाहत होती, तीस लगाम घातला, आणि मग पान उलटले.

दुसरे पान कोरे करकरीत, त्यावर एकही गोल नाही. तेथे कोणाची ठाणी नव्हती, आणि बाईंची आपली अशी तरुणपणीची बोटे तेवढी तेथे वाट पाहत होती. डावा हात मंद चालू लागला, आणि उजवा त्यावर मोकळा सुटला, आणि खुर्चीवरील सुया थबकल्या. मग तिसरे पान. तेथे ऐन चढावर उजव्या हाताचे बोट साफ घसरले. हात वर उठला, पेन्सिल शोधू लागला, आणि पेन्सिल नव्हती. मग उठलेला हात, उठलाच आहे म्हणून, पुढील सुरावर उतरला, आणि मागचा सूर मागे राहिला, आणि गत पुढे निघाली, आणि निघाली ती शेवटच्या पट्टीपर्यंत.

यजमान हाती झारा घेऊन दाराशी आले.

"थांबलीस का?"

"थांबले नाही. संपलं."

"संपलं?" यजमानांनी पियानोकडे पाहिले. "हे असं संपतं होय! मला वाटायचं, हे संपतच नाही."

सासूबाई बोलिल्या. "इतकी वर्षं मी ही गत रडकी समजत होते. शेवटी शेवटी हसते की गं ती."

बाईंनी मान वळविली नाही, कारण डोळे भरून आले होते, आणि खोलीच्या धन्याने रयतेसमोर रडू नये ऐसा संकेत असे.

त्याच दुपारी हुकूम जाहला की, सोमवारी वर्ग नेमल्या वेळी उघडावा. यंदापासून मुलांस तिन्ही पाने शिकवावीत, परीक्षेस लागोत वा न लागोत. आणि महिन्याकाठी एक वार ऐसा असावा की, त्या दिवशी कोणीही, खुद्द बाईंनी देखील, कोणास मध्ये थांबवू नये. या लढाईत भाजी करपली आणि एक सूर कामी आला. तिसरे पान हस्तगत जाहले.