पोळी येईपर्यंत

वॉटर्लूच्या त्या आठ खुर्च्यांच्या जपानी रेस्टॉरंटात फक्त ऋतूप्रमाणे भाज्या मिळत आणि त्यासाठी अडीच महिने आधी अर्ज करावा लागे. माधवीने केला. मुलीच्या वयाच्या रकान्यात 'साडेचार' आणि वर्तनाच्या रकान्यात, देवाचं नाव घेऊन, 'शांत' असं लिहिलं. ऊर्मीचं वजन दोन महिन्यांत काट्यावर हललं नव्हतं. "कशीही करून भाजी पोटात जाऊ द्या," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पहिल्या ताटलीत मुळ्याची एक चकती आली. शेफने कमरेत वाकून तिचं शेत, माती आणि उपटण्याची वेळ सांगितली.

"घे की," चारुदत्त बायकोकडे झुकून पुटपुटला.

"नुसती भाजी कशी खायची? पोळी येऊ दे. निदान भात तरी."

तिघंही मांडीवर हात ठेवून बसली. बऱ्याच वेळाने शेफने ताटली तशीच उचलली. त्याचे डोळे पाणावले होते. वीस वर्षांत मुळ्याकडे इतका वेळ कुणी पाहिलं नव्हतं, म्हणाला.

दुसऱ्या ताटलीत दोन शेंगा. पोळी नाहीच. शेजारच्या प्राध्यापकबाईंनी हे पाहिलं आणि ओशाळून तोंडाशी नेलेली शेंग परत ठेवली. तिसऱ्या ताटलीपर्यंत आठही खुर्च्या भाजीचं नुसतं दर्शन घेत होत्या. खाणं आता रानटीपणात जमा झालं होतं.

चौथ्या ताटलीत गाजर आलं.

"मॉमी, कॅन आय ईट इट नाऊ?"

पोरगी भाजी मागत होती! जन्मात पहिल्यांदा! पण पाच माना वळल्या होत्या आणि शेफ हात जोडून उभा होता.

"थांब हं बाळा," माधवी गोड हसून म्हणाली, "आधी नीट बघ."

भात आला तेव्हा गाजर परत स्वयंपाकघरात गेलेलं होतं.

परतताना ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीतून फ्राइज घेतल्या. "बटाटा भाजीच ना शेवटी," चारुदत्त म्हणाला.

रविवारी मराठी मंडळात उमाताईंनी विचारलं, "काय गं, कसं होतं तुमचं जपानी?"

"अप्रतिम! इतकं हलकं, की पोटाला कळतसुद्धा नाही."

संध्याकाळपर्यंत चौदा कुटुंबांनी अर्ज केले. आता तिथे वर्षभर वाट पाहावी लागते. तुम्ही हसताय ते ठीक. पण आत्तापर्यंत तुमच्यातल्या तिघांनी तिथला फोन नंबर मागितलाय, आणि मुलांना घरून जेवू घालून न्यावं का, हे एकानेही विचारलेलं नाही.