सात गोळ्यांचा प्रवेश

"हो" म्हणण्याआधी माणसाने निदान तोंड तरी पुसावं, असं काकांना पुढे फार वाटलं. पण लेकीने विचारलं तेव्हा ते दाढी करत होते, गालभर फेस होता, आणि अशा अवस्थेत मानेने फक्त होकारच देता येतो. (नकार द्यायला मान आडवी हलवावी लागते, आणि वस्तरा गळ्यापाशी असताना ते धोक्याचं.)

"बाबा, आमच्या नाटकाला प्रॉम्प्टर हवाय. बसशील ना विंगेत वही घेऊन?"

मान हलली. झालं.

काकांचं औषधांचं दुकान. तीस वर्षांत डॉक्टरांची असली नसली सगळी अक्षरं त्यांनी वाचली होती, त्यामुळे लेकीचं हस्ताक्षर वाचू शकणारा अख्ख्या ओळखीत हा एकच इसम. तेवढी एकच पात्रता. बाकी नाटकाशी त्यांचा संबंध म्हणजे शाळेत असताना एकदा झाड झाले होते. त्यातही मधेच शिंकले होते.

लेक डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला. नाटक तिनेच लिहिलेलं, तिनेच बसवलेलं, आणि कॉलेजांच्या स्पर्धेत उतरवलेलं. गोष्ट साधी होती. एका तरुणाचं मन आजारी पडतं. त्याच्यावर जीव टाकणारी मुलगी नुकती डॉक्टर झालेली. तो गोळ्या घ्यायला तयार नसतो, कारण लोक काय म्हणतील. शेवटच्या प्रवेशात ती मुलगी आणि सहा मित्र, असे सातजण हात पुढे करतात. "तुला एकट्याला लाज वाटते ना? मग आम्हीही घेतो!" सातजण सात गोळ्या तोंडात टाकतात, आठवी तो घेतो, पडदा.

पहिल्याच तालमीला काका वही मिटून उभे राहिले.

"सातजणांना बिनचिठ्ठीची गोळी?"

"बाबा, ते प्रतीक आहे."

"प्रतीकालाही चिठ्ठी लागते."

शेवटी पेपरमिंटवर तडजोड झाली. काकांनी दुकानातल्या पांढऱ्या बाटलीत पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या भरल्या आणि वर स्वतःच्या वळणदार अक्षरात लेबल चिकटवलं: 'नाटकाच्या गोळ्या. प्रत्येकी एक.' लेक म्हणाली, प्रेक्षकांना लेबल दिसत नाही. काका म्हणाले, मला दिसतं. दुकानातून खोट्या लेबलाची एकही बाटली आजवर बाहेर गेली नव्हती, याचा त्यांना भारी अभिमान.

दुकानातून नव्हती गेली, हे खरं. घरात मात्र एक होती.

स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी, अशीच एक पांढरी बाटली दीड वर्ष उभी होती. वर लिहिलेलं: 'जीवनसत्त्व. रोज एक.' आत जीवनसत्त्व औषधालाही नव्हतं. दीड वर्षापूर्वी काकांना एकाएकी कशातच गोडी वाटेनाशी झाली होती. कारण विचाराल तर काही नाही. घर ठीक, दुकान ठीक, लेक हुशार. तरी सकाळी शटर वर करताना हात जड व्हायचे, आणि एक दिवस गिऱ्हाइकाने दिलेली चिठ्ठी तीनदा वाचूनही त्यांना काही उमगेना. त्या दिवशी काका मनातून घाबरले. घाऊक व्यापाऱ्याकडे जातो सांगून शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, हा आजार आहे, गोळीने बरा होतो. आणि खरंच, दोन-तीन महिन्यांत काका पुन्हा माणसांत आले.

पण घरी सांगायची छाती होईना. गंमत बघा. हेच काका काउंटरवर वाकून गिऱ्हाइकांना समजावत, "अहो, यात लाजायचं काय? रक्तदाबाची गोळी घेता ना, तशीच ही." गिऱ्हाइकांना पटायचं. काकांना पटत नव्हतं. लेकीने पाकीट ओळखू नये म्हणून ते गोळ्या सोलून बाटलीत भरत आणि रोज सकाळी बायकोच्या देखत मोठ्या रुबाबात 'जीवनसत्त्व' घेत.

बायको एका शाळेची मुख्याध्यापिका. तिला घरीदारी सगळे बाईच म्हणत. प्रयोगाच्या संध्याकाळी बाई शाळेतल्या अकरा शिक्षिकांना घेऊन तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नवरा विंगेत दिसत नसूनही त्या प्रत्येकीला बोट दाखवून सांगत होत्या, "तिथे आहेत. त्या काळ्या पडद्यामागे."

नाटक छान रंगलं. काकांना कामच पडेना. चष्मा कपाळावर सरकवून ते चक्क नाटक बघू लागले. शेवटचा प्रवेश आला. नायकाचं काम करणारा लंबू (पोरगा खरोखरच दाराला डोकं आपटेल एवढा उंच) बाटली हातात घेऊन उभा राहिला आणि लेक विंगेत काकांच्या कानाशी कुजबुजली.

"पेपरमिंट संपल्या रे बाबा. मेल्यांनी तालमीतच खाऊन टाकल्या. दुपारी घरी जाऊन फळीवरची तुझी जीवनसत्त्वं आणली, लेबल काढून टाकलं. एकेका गोळीने काय होतंय?"

काकांच्या पायाखालची फळी सरकली. रंगमंच जुना होता, पण ती तेवढ्यामुळे नव्हे.

सांगायला हवं होतं. लेक हातभर अंतरावर होती, दोन शब्द पुरले असते. पण दीड वर्ष घशात बसलेले शब्द असे हाक मारल्यासरशी बाहेर येत नाहीत. एका गोळीने पोरांचं फार काही बिघडलं नसतं कदाचित. पण 'कदाचित' हा शब्द काकांच्या दुकानात चालत नसे. मग काकांना एक युक्ती सुचली. (काकांना युक्ती सुचली की घरात सगळे आपापल्या वस्तू उचलून ठेवत.) नट प्रॉम्प्टरचं ऐकतात. मग संवादच बदलू!

"गोळी नको, नंतर बघू!" काका विंगेतून दबक्या आवाजात म्हणाले.

लंबू गोंधळला. पण आज्ञाधारक पोरगा. "गोळी नको," तो म्हणाला. "नंतर... बघू."

डॉक्टरीण झालेली मुलगी मात्र खमकी. तिने विंगेकडे जळजळीत नजर टाकली आणि आपलं वाक्य रेटलं, "नंतर नाही! आत्ताच!"

"आधी जेवण!" काका.

"आधी जेवण," लंबू.

"तू आत्ताच जेवलास!" डॉक्टरीण. प्रेक्षकांत खसखस पिकली.

"बाबा!" लेक दात-ओठ खात म्हणाली. "कुठल्या पानावर आहेस तू?"

"बाटली खाली पडू दे!" काकांनी शेवटचा उपाय केला. पण तोवर डॉक्टरणीने लंबूच्या हातातून बाटली हिसकावून सातही तळव्यांवर गोळ्या वाटल्या होत्या. "तुला एकट्याला लाज वाटते ना? मग आम्हीही..."

"थांबा!"

वही हातात, चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशाला तीन पेनं अशा थाटात काका झगझगीत उजेडात येऊन उभे राहिले.

"कोणी गिळायचं नाही! चिठ्ठी कुठाय?"

सभागृह हशाने दणाणलं. काकांनी एकेक तळवा उघडून गोळ्या गोळा करायला सुरुवात केली. सहा मिळाल्या. सातवी एका गुबगुबीत मित्राच्या जिभेवर पोचली होती.

"थुंक."

"काका, पण नाटकात..."

"थुंक म्हणतो ना!"

तो थुंकला. टाळ्या पडल्या. काका गोळ्या मुठीत धरून वळले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपण आता जायचं कुठे हे आपल्याला माहीत नाही. तिसऱ्या रांगेत बाई अर्धवट उठून उभ्या होत्या. विंगेत लेकीने कपाळाला हात लावला होता. वर्षभराची तिची मेहनत काकांच्या मुठीत होती.

डॉक्टरणीने नाटक सांभाळायचं ठरवलं. ती भूमिकेतच एक पाऊल पुढे आली. "काका, या गोळ्या कोणाच्या?"

दुकानातल्या, असं म्हणता आलं असतं. गिऱ्हाइकाच्या म्हणता आलं असतं. काकांनी तोंड उघडलं ते त्यासाठीच.

"माझ्या," ते म्हणाले.

"जीवनसत्त्वाच्या ना?" लेकीने तिला तसंच सांगितलं होतं.

"नाही. बाटलीवर मी तसं लिहिलं होतं. ते खोटं होतं." काकांनी मुठीकडे पाहिलं. "मनाला बरं वाटत नव्हतं. दीड वर्ष घेतोय. गुण आलाय, चांगला गुण आलाय. रोज दहा लोकांना मी सांगतो, यात लाजण्यासारखं काही नाही. घरी मात्र सांगितलं नाही. बायकोला सांगितलं नाही. ती फार चांगली आहे हो. पण मला वाटलं, ती मग माझ्याकडे... निराळं बघेल."

आणि काका रडले. अगदी लहान पोरासारखे, बाहीला नाक पुसत.

लंबूला पुढचं वाक्य ठाऊक नव्हतं, कारण पुढचं वाक्य लिहिलेलंच नव्हतं. तो काकांजवळ आला, वाकला (त्याला बरंच वाकावं लागलं) आणि म्हणाला, "काका, तुम्ही घेता ना? मग मीही घेतो." त्याने काकांच्या मुठीकडे हात नेला.

काकांनी चटकन मूठ पाठीमागे नेली. "यातली नाही! तुझ्या डॉक्टरांना विचारून, तुझ्या चिठ्ठीवर!"

हशा आणि टाळ्या एकदमच उसळल्या. लेकीने विंगेतून हात केला, पडदा पडला. पडताक्षणी ती धावत आली आणि काकांच्या गळ्यात पडून, "बाबा, मूर्खा, मला सांगायचंस ना," एवढंच परत परत म्हणत राहिली. काका तिच्या पाठीवर थोपटत राहिले, एका हाताने. दुसऱ्या मुठीत सात गोळ्या होत्या.

बाहेर अकरा शिक्षिकांनी बाईंना गराडा घातला होता. "यजमान काय सुरेख काम करतात हो! कधी बोलला नाहीत!" बाई "हो ना" म्हणत होत्या आणि पर्समध्ये रुमाल शोधत होत्या. तो त्यांच्या हातातच होता.

घरी दोघं चालतच निघाले. दोन चौक मागे पडले.

"ते दर महिन्याचं घाऊक व्यापाऱ्याकडे जाणं," बाई शेवटी म्हणाल्या, "ते हेच का?"

"हेच."

"केस विंचरून जायचात. इस्त्रीचा शर्ट घालून."

"डॉक्टरांकडे अजागळासारखं कसं जायचं?"

बाई थांबल्या. "मला वाटलं, तिकडे कोणीतरी आहे."

"आहेत ना. डॉक्टर."

"बाई आहे?"

"छे गं. पुरुष. पूर्ण टक्कल."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. साधंसुधं नव्हे. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दीड वर्ष त्या एका टकल्या माणसाचा मत्सर करत होत्या. हसता हसता पाणी जरा जास्तच आलं, तेव्हा काका शेजारी पायरीवर टेकले.

"रोज विचारत होते मी, बरं वाटतंय का."

"हो म्हणायचो ना."

"ते खरं असायचं?"

"हल्ली असायचं. तुला सांगितलं नव्हतं, तेवढंच बरं नव्हतं."

"आता निराळं बघतेय का मी?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन नीट पाहिलं. बाई नेहमीसारख्याच रागावलेल्या दिसत होत्या. त्यांना फार बरं वाटलं.

"पुढच्या महिन्यात मीही येणार," बाई म्हणाल्या. "त्या माणसाचं टक्कल मला स्वतः बघायचंय."

नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं आणि आणखी एका कॉलेजातून प्रयोगाचं बोलावणं आलं. दुकानातही फरक पडला. गर्दी ओसरायची वाट बघून कोणी कोणी काउंटरवर वाकून विचारू लागलं, "काका, नाटकात सांगितलंत ते खरं का? त्या डॉक्टरांचा पत्ता द्याल?" काका पत्ता देत, आणि कोपऱ्यात 'आधी जेवून जावे' असंही लिहीत. (सवय!)

नव्या प्रयोगात लेकीने काकांचा प्रसंग जसाच्या तसा लिहून घेतला. काकांनी नवा शर्ट घेतला. आठवडाभर आरशासमोर "थांबा! चिठ्ठी कुठाय?" म्हणून पाहिलं. तालमीच्या दिवशी वेळेआधी अर्धा तास पोचले, तर रंगमंचावर पहिल्या वर्षाचा एक पोरगा मिशी चिकटवून "थांबा!" म्हणत होता.

"बाबा, रागावू नकोस," लेक म्हणाली. "परीक्षकांचा शेराच तसा आहे." आणि तिने कागद पुढे केला.

काकांनी वाचला. अक्षर वाईट होतं, पण तेच तर त्यांचं काम. 'औषधवाल्याच्या भूमिकेतील वयस्कर नट कमकुवत. रडणे कृत्रिम वाटले. अशा माणसांचे जवळून निरीक्षण करावे.'

काका तो कागद घेऊन घरी आले आणि त्यांनी तो बाईंपुढे धरला. बाईंनी दोनदा वाचला. मग कांद्याची सुरी खाली ठेवून हात पुसले आणि काकांना खुर्ची ओढून दिली.

"यापुढे रडायचं ते घरीच रडा," त्या म्हणाल्या. "तिथे तुम्हाला कोणी काम देणार नाही."