सुभद्राची मुदत बासष्टपर्यंत

गिरणी बंद झाल्यावर हातात आलेल्या पैशांत म्हातारपण कसं काढायचं, हे सांगायला लालबागमधल्या एका पतपेढीने रविवारी जोडप्यांची सभा ठेवली होती. पुरुषांनी फॉर्म आधीच भरून दिले होते. पतपेढीचे रमाकांत सर ते तपासून घेऊन आले.

"नमुना म्हणून लवू परबांचा फॉर्म घेऊ," सर म्हणाले. "कुठे खाडाखोड नाही, पैसे शेवटच्या महिन्यापर्यंत बरोब्बर पुरतात. सोय कोणत्या वयापर्यंत हवी? स्वतः, ऐंशी. पत्नी, बासष्ट."

बायकांच्या बाजूला लवूची पन्नास वर्षांची बायको सुभद्रा उभी राहिली. "म्हंजे माझी बाराच वर्सां ऱ्हवली?"

पंचावन्न वर्षांच्या लवूच्या मनात काही वाईट नव्हतं. दोघांना ऐंशी घातली, की त्याच्या बहात्तरीलाच पैसे संपत. म्हणून त्याने तिचं एकेक वर्ष कमी करत आणलं. बासष्टला हिशेब जुळला, तिथे तो थांबला.

"अगो, तां फक्त कागदार," तो पुटपुटला.

"मग कागदार तुमी मरा! आणि मी गेल्यार तेरा वर्सां एकटे काय करतलात?"

शेजारच्या मालनने पुढे होऊन गठ्ठ्यातून आपल्या नवऱ्याचा फॉर्म ओढला. "थांब गं, आमच्या ह्यांनी काय लिवलंय बघू दे. अठ्ठावन्न! काय ओ, एवढी घाई?" मग सगळ्याच बायका टेबलाभोवती जमल्या. एकीलाही सत्तरी गाठू दिलेली नव्हती. धोंडूने तर बायकोच्या रकान्यात 'लागू नाही' असं लिहिलं होतं. आभार न मानताच सभा संपली.

फॉर्म घरी नेऊन, दुरुस्त करून मंगळवारपर्यंत परत द्यायचा होता. नाहीतर योजनेची मुदत टळत होती. सोमवारी सकाळी लवू खोडरबर घेऊन बसला. सुभद्राला ऐंशी घातली, तर हिशेब जुळायला स्वतःला अडुसष्टला जावं लागत होतं. त्याने मुकाट्याने अडुसष्ट लिहिलं.

"माझ्या कपाळाचा कुंकू पुसून हिशेब जुळवतास?" चहाचा कप आदळत सुभद्रा म्हणाली. "दोघांकय ऐंशी घाला."

"पैसे खंयसून आणू?"

"मी डबे करतंय. बारा गिऱ्हाइकां आताच मिळतली. पोचवूक तुमी आसास. आणा ती पेन्सिल."

मंगळवारी रमाकांत सरांनी फॉर्म वाचला. पती ऐंशी, पत्नी ऐंशी, पैसे पुरत होते. शेवटच्या ओळीवर मात्र त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"परब, निवृत्तीचं वय अठ्ठ्याहत्तर? चुकून झालं का?"

लवूने शेजारी बसलेल्या सुभद्राकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"नाय साहेब, बरोबर आसा," तो म्हणाला. "ती पहिल्यांदा ऐंशीच लिवत होती. दोन वर्सां मी भांडून मिळवलंय."