उपाध्यांकडं आलेला धबधबा

गयाना देशातला एक धबधबा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगपूरला कृष्णाई अपार्टमेंटमध्ये पाहुणा म्हणून आला, आणि श्रेणिक उपाध्ये कितव्या मजल्यावर राहतात असं त्यानं तळमजल्यावरच्या इंदुमती मगदूम यांना विचारलं.

इंदुमतीकाकू दारातच उभ्या होत्या. त्या बहुतेक वेळा दारातच असत. कुणाकडं कोण आलं, हातात पिशवी होती की नव्हती, जाताना तोंड कसं होतं, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यात वाईट हेतू काही नव्हता. त्यांना माणसांची काळजी वाटायची, आणि काळजी करायची तर माहिती लागतेच. लोक मात्र त्यांच्या दारावरून भरभर जात. चहाला बसलं की काकू घरातलं सगळं काढून घेतात, असं लोकांचं म्हणणं होतं. त्यामुळं त्यांच्याकडं चहाला कुणी बसत नसे.

त्यांनी पाहुण्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. जरा वेळ लागला, कारण पाहुणा गच्चीच्याही वर गेला होता.

"तिसरा मजला, डाव्या हाताला," त्या म्हणाल्या. "कुठनं आलासा?"

"गयाना. दक्षिण अमेरिका, ब्राझीलच्या वरच्या अंगाला," धबधबा म्हणाला. "अगं, पाय सांभाळ."

त्याचं मराठी सगळं उपाध्यांकडून आलेलं होतं. उपाध्यांचा जावई तिकडं नोकरीला होता, तेव्हा उपाध्ये आणि त्रिशलावहिनी जाऊन आले होते. ओल्या दगडांवरून चालताना उपाध्ये बायकोला दिवसभर तेवढं एकच सांगत होते. निघताना मात्र त्यांनी धबधब्याकडं वळून हात जोडले आणि म्हणाले, "फार छान झालं. आता तुम्ही या एकदा जयसिंगपूरला." म्हणून तो आला होता.

वर बेल वाजली तेव्हा त्रिशलावहिनींनी दाराच्या भिंगातून पाहिलं. सगळं पांढरं दिसलं. उपाध्ये आतल्या खोलीतून हलक्या आवाजात म्हणाले की मी नाही म्हणून सांग. पण इंदुमतीकाकू पाहुण्यामागोमाग जिना चढून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, आहेत की घरात, आत्ताच दुधाची पिशवी घेऊन वर गेले. मग दार उघडावंच लागलं.

पाहुण्याला ठेवायचं कुठं हा प्रश्न लगेच सुटला. अपार्टमेंट बांधताना लिफ्टसाठी उभी जागा सोडलेली होती, पण लिफ्टवर कधी एकमत न झाल्यानं ती रिकामीच होती. धबधबा तीत नीट बसला. गच्चीवर जो भाग उरला, त्याच्यापासून चार हात लांब बायका कपडे वाळत घालू लागल्या. त्याच्या पाठीमागं कड्यात घरटी करून राहणाऱ्या पाकोळ्याही बरोबर आल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर घर केलं.

धबधबा आला म्हटल्यावर लोक बादल्या घेऊन धावले, कारण जयसिंगपूरला नळाला पाणी एकाआड एक दिवस येतं. पण तो पाणी घेऊन आलेला नव्हता. पाणी नदीचं असतं, असं त्यानं समजावून सांगितलं. नदी कड्यावर थांबली आहे. तो फक्त पडण्याचं काम करतो. प्रवासापुरते थोडे तुषार त्यानं बरोबर घेतले होते, बस. इंदुमतीकाकू म्हणाल्या, "एवढ्या लांबनं आलासा, ते हात हलवत?" पण त्या त्याला चहा द्यायला विसरल्या नाहीत. कप त्याच्यापुढं ठेवला की चहा थोडा वाढायचा. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये हे काकूंना लहानपणापासून शिकवलेलं होतं. पाहुण्याला तशी रीत आहे हे पाहून त्यांना बरं वाटलं.

प्रवासाचं त्यानं सांगितलं ते असं. विमानाला उंचीची अडचण होती. म्हणून मुंबईपर्यंत बोट, आणि पुढं एसटीच्या टपावर आडवं. धबधब्याला आडवं पडणं सोसत नाही. फार वेळ तसं राहिलं की आपली नदी होते की काय अशी धास्ती वाटते.

बोलताना त्याची एक अडचण होती. तो वरून खाली बोलायचा. वाक्याची सुरुवात तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायची आणि शेवट तळमजल्यावर. त्यामुळं तो काय म्हणतो याची उपाध्यांना फक्त सुरुवात माहीत असायची. शेवट माहीत असायचा तो इंदुमतीकाकूंना, कारण लिफ्टची भिंत आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती. भाकरी थापता थापता त्यांना सगळं समजायचं. सुरुवातीसाठी त्या अधूनमधून जिना चढायच्या.

असंच एका सकाळी उपाध्यांना वर ऐकू आलं, "मी आता निघतोच..." उपाध्यांनी त्रिशलावहिनींना शिरा करायला सांगितला. खाली काकूंना ऐकू आलं, "...पण कुणी माझ्याकडं येणार आहे का, एवढं समजू दे." त्या हातातलं पीठ तसंच ठेवून वर गेल्या आणि वाक्य जोडून सर्वांना सांगितलं.

त्याचं इकडं यायचं खरं काम ते होतं. तिकडं त्याच्याकडं फारसं कुणी जात नसे. देश लहान, जंगल दाट, आणि शेजारच्या देशांतले धबधबे मोठे. उपाध्ये गेल्यानंतर कुणीच फिरकलं नव्हतं. रामसरूप नावाचा एक माणूस जंगलातली वाट साफ ठेवायचा. त्याला वरून सांगण्यात आलं होतं की वैशाखात तिकडचा पाऊस सुरू होण्याआधी एकही पाहुणा आला नाही, तर वाट राखणं बंद. वाट बुजली की धबधबा तिथंच राहणार, पण तो मग कुणासाठीच असणार नाही.

अपार्टमेंटचे चेअरमन बाहुबली चौगुले यांनी गच्चीवर सभा घेतली. लिफ्टची जागा सामायिक आहे, आणि पाहुणा ज्याचा त्याची जबाबदारी, असं त्यांनी नमूद केलं. उपाध्ये उठून म्हणाले, "असं सगळेच म्हणतात हो. आपण या म्हटलं म्हणून कुणी येतं का?" सभेला ते पटलं. मग परतभेटीला कोण जाणार हा विषय निघाला. उपाध्यांचे गुडघे दुखत होते. चौगुल्यांच्या घरी लग्न होतं. सभा संपल्यावर जो तो धबधब्यापुढं थांबला आणि हसून म्हणाला, येऊ की एकदा. त्रिशलावहिनी तर म्हणाल्या, पुढच्या सुट्टीत नक्की.

धबधबा फार खूश झाला. त्या रात्री पाकोळ्यासुद्धा लवकर झोपल्या. सकाळी काकू चहा घेऊन गेल्या तेव्हा तो हिशेब लावत होता, एवढी माणसं एकदम आली तर रामसरूपला वाट रुंद करावी लागेल.

मग तो थांबला आणि त्यानं विचारलं, "काकू, येऊ की म्हणजे कधी?"

अपार्टमेंटमध्ये खरं काय ते सांगणाऱ्या म्हणून इंदुमतीकाकू प्रसिद्ध होत्या. कुणाच्या मुलाला किती मार्क पडले, कुणाची सून माहेरी का राहिली, हे त्यांनी कधी मनात ठेवलं नव्हतं. पण आता त्यांनी नुसता कप त्याच्यापुढं सरकवला. कपातला चहा काठापर्यंत चढला.

त्यांची धाकटी बहीण दुबईला असे. ती एकदा फोनवर म्हणाली होती, ये की गं अक्का एकदा. काकूंनी दुसऱ्या आठवड्यात पासपोर्टसाठी फोटो काढला होता. पासपोर्ट आला, कपाटात साड्यांखाली गेला. बहिणीचे फोन येत राहिले, तारीख काही आली नाही. काकूंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्या अपार्टमेंटमध्ये कुणाला माहीत नसलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"बाकीच्यांचं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी येते."

"कधी?"

"तुम्ही निघालासा की तुमच्याबरोबरच. परत एकट्यानं आडवं कशाला जायचं?"

रात्री त्यांनी नवऱ्याला सांगितलं. भूपाल मगदूम पंपाच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवत आणि मोजकं बोलत. ते म्हणाले, "मग जा की. पाहुणा तर आपल्याच भिंतीला आहे." आणि थोड्या वेळानं, "चटणी घेऊन जा जास्तीची."

निघताना उपाध्यांनी पाहुण्याला टॉवेल-टोपी दिली. टोपी त्याच्यावरून वाहत खाली आली. चौगुल्यांनी ती उचलून पुन्हा वर ठेवली, असं तीनदा झालं.

एसटी, बोट आणि शेवटी रामसरूपची होडी, अशा प्रवासानं काकू पोचल्या. रामसरूपचे पूर्वज कधीकाळी बोटीनं हिंदुस्थानातून तिकडं गेलेले होते. तो डाळपुरी करायचा. काकूंनी ती खाऊन पाहिली आणि पुरण गोड नसल्याबद्दल त्याला काही बोलल्या नाहीत. त्यानं त्यांचं नाव आलेला पाहुणा म्हणून वर कळवलं, आणि वाट चालू राहिली.

नदी कड्यावर ताटकळत उभी होती. धबधबा आपल्या जागी जाऊन उभा राहिला, तशी ती लगेच खाली उतरली. काकूंनी प्रथमच त्याला पाण्यासकट पाहिलं. माणूस कामावर निराळा दिसतो, तसा तो दिसत होता. समोरच्या दगडावर बसून त्यांनी त्याला कृष्णाई अपार्टमेंटमधलं सगळं सांगितलं, तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात करून. त्यानं मधेच उठून जायचं कारण नव्हतं. ऐकायला नदी थांबली, रामसरूप थांबला, पाठीमागचा डोंगरसुद्धा जरा पुढं आला. एवढ्या जणांनी काकूंचं बोलणं शेवटपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. बहिणीचं दुबईचंही त्यांनी सांगितलं.

निघायच्या दिवशी त्यांनी पदर सावरला, सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि हात जोडले.

"फार आपलेपणानं केलंसा. आता तुम्ही या सगळे एकदा जयसिंगपूरला."

"कधी?" डोंगरानं विचारलं.

काकूंनी डोंगराची रुंदी नजरेनं मापली. पुढची खोली, मागची खोली आणि चौगुल्यांचं पार्किंग.

"दिवाळी झाल्यावर या," त्या म्हणाल्या. "त्याआधी घराला रंग द्यायचाय."