चाखोबाची सर्दी

चाखोबाचं नाक शुक्रवारी बंद झालं, आणि शनिवारी संध्याकाळी त्याची बायको जेवायला यायची होती.

स्वतःच्याच घरी बायको पाहुणी म्हणून येणार, यावरूनच प्रकरण किती नाजूक होतं ते कळावं. चाखोबा बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासायच्या कामावर होता. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातलं एक बिस्किट आधी त्याच्या जिभेवर जायचं आणि मगच पुढचे डबे भरायचे. त्याचं खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं होतं. बाकी सगळ्यांचा तो चाखोबा. कारखान्यात या जिभेला मान होता आणि पगारही होता. अडचण अशी, की घरी येऊन तो हेच काम फुकट करायचा.

"मीठ अर्धी चिमूट जास्त. सहा," पहिला घास घेतला की तो जाहीर करायचा. किंवा, "कांदा अजून परतायला हवा होता. साडेपाच." बायको औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहायची, घरी येऊन स्वयंपाक करायची आणि मग स्वतःच्याच टेबलावर परीक्षेला बसायची. एकदा तो तापाने फणफणला होता. तिने रात्र उशाशी बसून काढली आणि सकाळी त्याला चमच्याने सूप भरवलं. त्याने डोळेसुद्धा न उघडता सांगितलं, "सात." तेही तिने पोटात घातलं. पण आपल्या वाढदिवसाला तिने स्वतः केक केला, आणि त्याचा तुकडा तोंडात टाकून हा गृहस्थ म्हणाला, "गेल्या वर्षीपेक्षा सुधारणा आहे." तिने सुरी खाली ठेवली, बॅग भरली आणि ताईकडे राहायला गेली.

घर कसं खायला उठतं हे चाखोबाला त्यानंतर समजलं. तीन आठवडे त्याने फोनवर नाकदुऱ्या काढल्या, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "शनिवारी येते. तू रांधायचंस, मी जेवणार. गुण मी देणार. बॅग दाराशी ठेवीन. आत आणायची की परत न्यायची, ते जेवून झाल्यावर ठरवू."

त्यामुळे शुक्रवारी सकाळी उठल्यावर चहा नुसताच गरम लागला, तेव्हा चाखोबा कप तसाच टाकून डब्यांकडे धावला. त्याने साखर तोंडात टाकली. रेती. मीठ टाकलं. तेही रेती. कॉफीच्या डब्यात नाक खुपसलं, तर फक्त शिंक आली आणि अर्धी कॉफी ओट्यावर उडाली. ज्या जिभेने बायको घराबाहेर काढली, तीच जीभ नेमकी तिला परत आणायच्या वेळी संपावर गेली होती.

खरं सांगून टाकावं म्हणून त्याने फोन लावला.

"आवाज असा का येतोय तुझा?" तिने विचारलं.

चाखोबा सांगणारच होता. पण ती काय म्हणेल ते त्याला आधीच ऐकू आलं: नाचता येईना, अंगण वाकडं. तो घाबरला आणि तोंडाला येईल ते बोलून गेला, "गळा दाटून आलाय. तू येणार म्हणून."

ती हळू आवाजात म्हणाली, "बरं." फोन ठेवल्यावर चाखोबाने कपाळावर हात मारून घेतला. आता सर्दीचं नाव काढायची सोय उरली नव्हती.

शनिवारी दुपारपासून त्याने तिच्या आवडीचा बेत मांडला: टोमॅटोचं सूप, मशरूम घातलेला भात आणि शेवटी कस्टर्ड. आयुष्यभर दुसऱ्याच्या रांधण्यात चुका काढणाऱ्याला कांदा कापायला किती वेळ लागतो हे त्या दिवशी समजलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि भीतीने अंगाला घाम. तरी पाच वाजेपर्यंत सूप आणि भात तयार झाले आणि कस्टर्ड मंद आचेवर चढलं. टेबलावर दोन ताटल्या, दोन मेणबत्त्या. राहता राहिली चव. ती आहे की नाही, असली तर कसली आहे, हे जगात कुणालाही कळलं असतं, फक्त चाखोबाला सोडून.

अशा वेळी दुसरा कुणी असता, तर शेजारच्या घरी वाटी नेऊन "जरा बघता का?" म्हणाला असता. पण चाखोबा कारखान्याचा माणूस. कारखान्यात शंका आली की चाखणाऱ्यांचं मंडळ बसतं, आणि त्याचे नियम असतात. चाखणारे विषम संख्येत हवेत. दोन घोटांच्या मध्ये पाण्याने चूळ भरायची. चाखलेलं गिळायचं नाही. आणि एकाचं मत दुसऱ्यावर पडू नये म्हणून तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. विचारलं तरच बोलायचं.

समोरच्या दारातल्या शिंपीणकाकू हातातला फ्रॉक खाली ठेवून आल्या. वरच्या मजल्यावरचे ब्रेककाका आले. यांनी तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती आणि निवृत्त झाल्यावरही कुणी जिना भरभर उतरलं तरी त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. दोघं झाले. तिसरा कुणी मिळेना. तेवढ्यात विजेचं मीटर बघणारा दाराशी आला, आणि चाखोबाने त्याला दंडाला धरून आत ओढलं.

"अहो, मीटर बाहेर आहे," तो म्हणाला.

"राहू दे ते. सकाळपासून काय खाल्लंय?"

"काहीच नाही. वेळच झाला नाही."

"उत्तम! कोरी जीभ!" चाखोबाने त्याला सोफ्यावर बसवलं.

तिघांना ओळीत बसवून चाखोबाने नियम वाचून दाखवल्यासारखे सांगितले. प्रत्येकाच्या हातात वाटी, पायाशी थुंकायला रिकामा मग.

"थुंकायचं?" शिंपीणकाकू हबकल्या. "अरे, मी कुणाच्या घरी जाऊन थुंकू होय? काहीतरीच तुझं!"

"काकू, चाखायचंय. जेवायचं नाहीये."

"मग गिळल्याशिवाय कळणार कसं? चव घशात असते," ब्रेककाका म्हणाले.

मीटरवाल्याने वाद घातला नाही. त्याची वाटी तोवर रिकामी झाली होती. "नीट सांगायचं, तर अजून थोडं लागेल," तो म्हणाला.

मत द्यायची वेळ आली. सूप चाखून काकू म्हणाल्या, "खारट आहे रे बाबा." ब्रेककाका म्हणाले, "आंबट! ब्रेक मारावा लागला जिभेला." मीटरवाला म्हणाला, "एक नंबर." दोन विरुद्ध एक. चाखोबाने मनाशी हिशेब केला, की खारट आणि आंबट या दोन्हींवर साखर हा उपाय. आणि सूपात तीन चमचे साखर गेली. भाताच्या वेळी काकू म्हणाल्या, "हा तर सूपाहून खारट." ब्रेककाकांना भातही आंबट लागला. मीटरवाला पुन्हा "एक नंबर" म्हणाला आणि वाटी पुढे केली. शिजलेल्या भातातलं मीठ कसं काढतात, हे चाखोबाला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याने विचार केला, कपड्यातून साबण काढतात तसंच असणार. भात चाळणीत घेऊन त्याने गरम पाण्याने दोनदा धुतला.

"आता पुन्हा एकदा चाखा. आणि लक्षात ठेवा, मी विचारेपर्यंत एक शब्द नको!" घड्याळात साडेसहा वाजत आले होते आणि चाखोबाचा आवाज चिरकायला लागला होता.

तिघं गप्प बसले. मग शिंपीणकाकूंनी नाक वर करून हवेचा वास घेतला. त्यांनी ब्रेककाकांकडे बघितलं. ब्रेककाकांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"खुणा नकोत!" चाखोबा ओरडला. "एकाचं मत दुसऱ्यावर पडतं!"

ब्रेककाकांचा उजवा पाय जमिनीवर जोरजोरात दाबला जायला लागला. काकूंनी नाकाला पदर लावला. मीटरवाल्याने शांतपणे खिशातून रुमाल काढून तोंडावर बांधला आणि रुमालाखालून भात चालू ठेवला. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून धुराची पातळ रेघ आली आणि मेणबत्तीच्या उजेडात चाखोबाला दिसली, तेव्हा कुठे त्याला आठवलं की आत गॅसवर कस्टर्ड आहे.

पातेल्याचा तळ कोळसा झाला होता. "अहो, वास आला होता ना तुम्हाला? सांगायचं नाही का?"

"तूच तोंड बंद ठेवायला सांगितलंस की," काकू म्हणाल्या. त्या उठल्या, पदर सारखा करत जरा समाधानाने पुढे म्हणाल्या, "पण बरं वाटलं हो जिभेला. वर्ष झालं, डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलंय. चिमूटभर पडलं तरी समुद्र प्यायल्यासारखं वाटतं."

चाखोबाने ब्रेककाकांकडे बघितलं. काकांच्या डाव्या गालात काहीतरी गोल फिरत होतं.

"काका, तोंडात काय आहे?"

"लिंबाची गोळी. सिगारेट सोडल्यापासून असतेच."

"चूळ भरायला सांगितलं होतं मी!"

"भरली की. गोळी एका बाजूला धरून भरली."

उरलेल्या एकाच माणसाच्या मतावर आता भिस्त होती. पण उपाशी माणसाला पुठ्ठासुद्धा एक नंबर लागला असता, हे चाखोबासारख्या जाणकाराला कळायला हवं होतं. मीटरवाला भाताच्या पातेल्यात डोकावून म्हणाला, "दोघांपुरतं उरलंय अजून," आणि मीटर न बघताच निघून गेला.

घंटी वाजली तेव्हा चाखोबाला सूप पुन्हा करायला वेळ नव्हता, भात करायला वेळ नव्हता, पळून जायलाही वेळ नव्हता. दारात बायको उभी होती. निळा ड्रेस, हातात पर्स, पायाशी बॅग. तिने हवेचा वास घेतला, खिडक्या सताड उघड्या दिसल्या, सोफ्यासमोर ओळीने ठेवलेले तीन मग दिसले. बॅग तिने बोलल्याप्रमाणे दाराशीच ठेवली.

चाखोबाने सूप वाढलं. तिने पहिला चमचा तोंडात घेतला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. दुसरा घेतला. मग भात. आपण वर्षानुवर्षं पहिला घास घेऊन गुण ठरवायचो, तेव्हा हिला समोर बसून कसं वाटत असेल, हे चाखोबाला पहिल्यांदाच कळलं. त्याने स्वतःच्या ताटलीला हातही लावला नव्हता.

"तू पण जेव ना," ती म्हणाली. तो जेवायला लागला. तिने विचारलं, "कसं झालंय?"

आयुष्यभर ज्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या जिभेच्या टोकावर असायचं, तोच प्रश्न. दहा सांगावं का? की नम्रपणे आठ? त्याने चमचा खाली ठेवला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला सर्दी झालीये. कालपासून. नाक ठार बंद आहे, चव लागतच नाही. गळाबिळा दाटून आला नव्हता. खोटं बोललो मी. तू ताटात लाकडाचा भुसा वाढलास, तरी मी खाईन आणि मला कळणार नाही. पण तू समोर बसलीयेस, म्हणून हे जे काही आहे ते गोड लागतंय."

"ते सूप आहे, आणि ते खरंच गोड आहे," ती म्हणाली. "आणि मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सर्दीचं. अरे, दिवसभर माझ्या काउंटरवर बंद नाकांची रांग असते. कफाने दाटलेला गळा मला फोनवर ओळखता येणार नाही?"

"मग काल बोलली का नाहीस?"

"म्हटलं, जीभ नसताना हा माणूस कसा दिसतो ते एकदा बघावं." तिने सूपाची वाटी बाजूला सारली. "लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा तू जेवताना माझ्याकडे बघतोयस. एरवी ताटाकडे बघत असतोस."

चाखोबाचा गळा आता मात्र खरोखरच दाटून आला. त्याला बोलायचं खूप होतं. पण निकाल लागायचा होता. "किती गुण?" त्याने कसंबसं विचारलं.

"सूपात साखर. भाताला मीठच नाही आणि तो बहुतेक आंघोळ करून आलाय. कस्टर्डबद्दल मी बोलत नाही. दोन."

"दोन," चाखोबा म्हणाला. ती उठली आणि दाराकडे गेली. त्याने मान खाली घातली. दार उघडल्याचा आवाज आला नाही, म्हणून त्याने वर बघितलं. ती बॅग घेऊन आतल्या खोलीत चालली होती.

बाहेर आली ती सरळ ओट्याशी. "मला भूक लागलीये, आणि हे खाऊन काही ती भागायची नाही," म्हणत तिने तव्यावर चार अंडी फोडली. चाखोबाने न सांगता पाव कापला. एक बाजू जरा करपली, एक पिवळं फुटलं. दोघं मेणबत्त्यांच्या उजेडात समोरासमोर बसले. तिने पर्समधून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी काढून त्याच्या ताटलीशेजारी ठेवली होती. जेवण झाल्यावर घ्यायची म्हणाली.

"कसं झालंय?" तिने सवयीने विचारलं.

चाखोबा तिच्याकडेच बघत होता. तोंडात घास तसाच ठेवून त्याने सांगितलं, "दहा."

"चव लागली?"

"अजिबात नाही."

ती हसली. इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग तिने ताटलीशेजारची गोळ्यांची पट्टी उचलली, पुन्हा पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावून घेतली.

"उद्या देते," ती म्हणाली. "आज झोप तसाच."