लढाई लागली की टीव्ही बंद

आमच्या इलाही वस्तादांनी एका जपानी कार्टून मालिकेचे छप्पन्न भाग पाहिलेत आणि त्यातली एकही लढाई पाहिलेली नाही. हिरोनं तलवार उपसली, समोरचा राक्षस डरकाळ्या फोडायला लागला, की वस्ताद रिमोट उचलणार आणि टीव्ही बंद करणार. घर माझं, टीव्ही माझा, बंद करणार ते! "फुडं काय बघायचंय? एक पडणार, एक उभा ऱ्हाणार," म्हणत चपला घालून चालायला लागतात.

वस्ताद सत्तरीचे. घरी एकटेच. शाहूपुरीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान, वर आमचं घर आणि मागच्या गल्लीत त्यांची तालीम. माझी मुलगी सानिका त्यांच्याकडं कुस्ती शिकते. कार्टूनचं हे खूळ तिनंच त्यांना लावलं. दुपारी चारला दोघं टीव्हीसमोर बसणार. खाली येणारी अक्षरं वाचून ती मराठीत सांगणार आणि वस्ताद सोफ्यावर मांडी ठोकून थेट हिरोलाच सूचना करणार.

हिरो धबधब्याखाली उभा राहून ताकद कमवायला लागला. वस्ताद म्हणाले, "सर्दी हुईल, दुसरं काय हुणार?" तो वाडगाभर शेवया खाऊन डोंगर चढायला लागला. "शेवया? दूध न्हाय, बदाम न्हाय, आन् ह्यो राक्षसाला पाडणार व्हय? ह्येच्या वस्तादाला बोलवा रं कोणतरी!" तीन भागांत त्याची ताकद दहापट झाली तेव्हा तर ते उठून उभेच राहिले. "आमच्यात तीन महिन्यात मान भरत न्हाय, पावणं!" पावणं म्हणजे टीव्हीतला तो पिवळ्या केसांचा पोरगा. अनोळखी माणूस आमच्याकडं पावणाच असतो, मग तो जपानचा का असेना.

पण लढाईच्या आदल्या दिवशीचा भाग लागला की हा माणूस बदलायचा. त्या भागात काही म्हणजे काही घडत नाही. हिरो आणि त्याचे दोस्त कौलांवर बसतात. कुणी आईची आठवण काढतं, कुणी भीती वाटते म्हणतं, म्हातारा गुरू गप्प बसून चहा उकळतो. मला हमखास डुलकी लागायची. वस्ताद मात्र पुढं सरकून बसायचे. "ह्ये खरं हाय. पैलवान आदल्या दिवशीच बोलतोय. एरवी नुसता दगड." तसला एक भाग त्यांनी नऊ वेळा लावायला लावला.

मग मुरगूडच्या मैदानात सानिकाची कुस्ती ठरली आणि आमच्या घरातच लढाई जुंपली. ती हटून बसली, "वस्ताद आखाड्याजवळ उभे राहिले पाहिजेत." तेव्हा मला कळलं, वस्तादांनी आपल्या एकाही पठ्ठ्याची कुस्ती डोळ्यांनी पाहिलेली नाही. मैदानापर्यंत जातात, पोराच्या पाठीवर थाप मारतात आणि तडक चहाची टपरी गाठतात. सानिकानं रडून पाहिलं, मी चिडून पाहिलं. "टपरीपतोर येतो. फुडं न्हाय," एवढंच उत्तर.

आदल्या दिवशी मेहनत बंद. तालमीत वस्तादांनी स्वतः दगडी कुंडीत बदाम घोटले आणि सानिका शेजारी बसून दोन तास बोलत राहिली. आमच्याशी महिनाभरात बोलत नाही तेवढं! मी कुठं होतो? मी दुकानात 'मुरगूडचं मैदान मारल्याबद्दल वाघिणीचं हार्दिक अभिनंदन' असा वीस फुटी फ्लेक्स छापत होतो. कुस्ती अजून व्हायची होती. पण अभिनंदनासाठी निकालाची वाट बघत बसायची आमच्यात पद्धत नाही. त्यात तिच्यापेक्षा माझा फोटो मोठा झालाय, हे बायकोनं दाखवलं तेव्हा कळलं.

मुरगूडात हलगी कडाडली. वस्तादांनी सानिकाच्या पाठीवर थाप मारली आणि पाठ फिरवून ते चालते झाले. ती त्यांच्याकडं बघत राहिली आणि तशीच आखाड्यात उतरली. दीड मिनिट! दीड मिनिटात समोरच्या पोरीनं घिस्सा डाव मारला आणि आमची वाघीण चीत.

माझं डोकं फिरलं. फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून मी टपरीवर गेलो आणि चार माणसांत ओरडलो, "तुम्ही उभे असता तर पोरगी हरली नसती! एवढं कशाला भ्यायचं?"

हरल्याचं त्यांना माझ्याकडूनच कळलं. त्यांनी कप खाली ठेवला. "लागलं न्हाय न्हवं तिला?"

"नाही."

"चाळीस वर्सं झाली, मालक. जिकलं की पोरगं लोकांच्या खांद्यावर बसून जातंय, ते थेट मोठ्या तालमीत. हरलं की तोंड लपवून गावाकडं. कुस्ती झाल्यावर माझ्याकडं माघारी आलेलं एक बी न्हाय. आदल्या दिवसापतोर मातर पोरगं माझं असतंय. बदाम घोटून हुईपतोर. त्येच्या फुडचं बघून मी काय करू, सांगा की."

माझी मलाच लाज वाटली. मी उगाच आणखी दोन चहा सांगितले.

तेवढ्यात गर्दीतून सानिका येताना दिसली. अंगभर तांबडी माती, डोळे रडून सुजलेले. वस्ताद उठले आणि घाईघाईनं पिशवी काखेला लावून एस.टी. स्टँडच्या दिशेनं वळले. तिनं पुढं होऊन त्यांची वाट अडवली.

"वस्ताद, घिस्सा कसा सोडवायचा ते नीट दाखवा मला. उद्या किती वाजता येऊ?"

वस्तादांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या हातात दिला.

"पहाटं पाचला," ते म्हणाले. ती तोंड पुसत होती तोवर पुन्हा म्हणाले, "न्हाय, साडेचारलाच ये."